गॅरेजच्या छताच्या शीट दर पावसाळ्यात का निखळतात, आणि वरची खोली तरीही का तापते

नागपुरात ही तक्रार दरवर्षी ठरलेल्या क्रमानं येते. एप्रिल संपता संपता गॅरेजवरच्या खोलीत संध्याकाळी अनवाणी चालवत नाही, मग कुणीतरी सुचवतं की गॅरेजच्या छताला खालून थर्माकोलच्या शीट लावून घ्या. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत शीट चढतात. खोलीत फारसा फरक जाणवत नाही, पण पैसे गेलेले असतात, म्हणून "थोडं तरी कमी झालंच असेल" असं म्हणून माणूस गप्प बसतो. जुलैत एखादी शीट कोपऱ्यातून लोंबायला लागते आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते त्या सुमारास दोन-चार शीट गाडीच्या बॉनेटवर पडलेल्या सापडतात. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच खेळ, फक्त या वेळी शीट जरा जाड.

जाडी वाढवून हे सुटत नाही. शीट पडणं आणि खोली तापत राहणं ही दोन वेगळी दुखणी नाहीत. शीट आणि स्लॅब यांच्यामध्ये राहिलेली फट, आणि कडेनं त्या फटीत शिरणारी गॅरेजची हवा, हे दोन्हीचं मूळ. ती फट बंद झाली तर साधी दोन इंची शीटसुद्धा वर्षानुवर्षं टिकते आणि आपलं काम करते. फट राहिली तर चार इंची शीटचाही उपयोग नाही.

पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या.

उष्णता खरंच खालून येते आहे का?

गॅरेजवरच्या खोलीच्या डोक्यावर थेट गच्ची असेल, तर बहुतेक वेळा खरा गुन्हेगार वरचा स्लॅब असतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तसल्या उन्हात दिवसभर भाजलेली गच्ची आणि सावलीतलं गॅरेजचं छत यांची बरोबरी होऊच शकत नाही. अशा घरात पहिला खर्च गच्चीवर करावा. खालच्या छताचा नंबर त्यानंतर.

ठरवायला लोहाओळीच्या बाजारात मिळते तशी इन्फ्रारेड थर्मामीटरची गन पुरते. (करोनाच्या काळात घेतलेली कपाळावरची गन घरात पडून असेल तर ती शरीराच्या तापापुरतीच आकडे दाखवते, त्यात पृष्ठभाग मोजायची सोय असेल तरच वापरा.) संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि पुन्हा रात्री दहाला खोलीची फरशी, खोलीचं छत, पश्चिमेची भिंत आणि खाली गॅरेजचं छत असे चार आकडे लिहून ठेवा. छत फरशीपेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर गच्ची बघा. फरशी खोलीतल्या बाकी सगळ्यापेक्षा गरम असेल, आणि रात्री दहालाही तशीच असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

फरशी तापण्याचं कारण नुसतं हवामान नसतं. दीड हजार फुटांच्या प्लॉटवर बांधलेल्या घरांत गॅरेज समोर असतं, आणि समोरची बाजू पश्चिमेला आली की पत्र्याचं शटर दुपारभर उन्हात उभं राहतं. हाताला चटका बसेल इतकं ते तापतं आणि ती धग आत छतावर फेकत राहतं. त्यात दुपारी बाहेरून आलेली गाडी, तिचं तापलेलं इंजिन, आणि वर शटर पूर्ण बंद. काही घरांत तर एसीचं बाहेरचं युनिटच गॅरेजमध्ये टांगलेलं असतं. बेडरूममधली उष्णता काढून तिच्याच फरशीखाली सोडायची, आणि मग एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरायला माणूस बोलवायचा. ते युनिट आधी बाहेर काढा. शटरला बाहेरून पांढरा रंग द्या, आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीत वर एक व खाली एक अशी जाळी ठेवा. एवढ्यानंही काही घरांत निम्मी तक्रार मिटते.

पडलेली शीट उलटी करून बघा

ती फेकून देण्याआधी तिची मागची बाजू नीट बघा. काय झालं ते तिथे लिहिलेलं असतं. मानेवाड्याच्या एका घरातली शीट डोळ्यांसमोर आहे. मागे मसाल्याचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. प्रत्येक गोळ्याच्या डोक्यावर कागदाइतका पातळ पांढरा थर, म्हणजे छताचा जुना चुना. मसाला शीटला घट्ट धरून होता. सुटला होता तो चुना, स्लॅबपासून. आणि गोळ्यांच्या मधल्या जागेत काळपट धुळीचे फराटे, सगळे शटरच्या बाजूकडून आत गेलेले. हवा शीटच्या मागून वाहत होती याचा याहून चांगला पुरावा नको. घरच्या काकू म्हणाल्या, "आम्ही तर दरवर्षी लावूनच राहिलो, खोली तापूनच राहिली." तापणारच. गॅरेजमधली गरम हवा वर चढते, कडेच्या फटीतून शीटच्या मागे जाते आणि स्लॅबला थेट भिडते. शीट जणू नसल्यासारखीच.

पाच गोळ्यांची ही पद्धत मिस्त्रीला सोयीची असते, कारण स्लॅब वरखाली असला तरी शीट सरळ रेषेत बसवता येते. "काही नाही होत भाऊ, फिट बसते," असं तो म्हणतो, आणि मे महिन्यात ती बसतेही. पावसाळ्यात काय होतं ते जरा समजून घ्यायला हवं, कारण "शीट लावायच्या आधी छत कधी ओलं होत नव्हतं" ही तक्रार खरी असते आणि तिच्यामुळे लोक उगाच बाथरूम फोडतात.

जुलैत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटणार. वर खोलीत एसी २२ वर आहे. शीट नसताना स्लॅबची खालची बाजू गॅरेजच्या हवेनं थोडी गरम राहते, २६ च्या आसपास, त्यामुळे ती कोरडी. शीट लावली की स्लॅब खालच्या उष्णतेपासून तुटतो आणि एसीच्या बाजूचा होतो; त्याची खालची बाजू २३ च्या खाली उतरते. शीट कडेनं सील असेल तर काही बिघडत नाही, कारण तिथपर्यंत दमट हवा पोचतच नाही. पण मागे फट असेल तर दमट हवा आत जाते आणि थंड स्लॅबवर तिचं पाणी होतं. चुना भिजतो, फुगतो आणि गोळ्यासकट निखळतो.

ज्यांच्याकडे एसी नाही, नुसता कूलर आहे, त्यांच्याकडे हे पाणी सहसा सुटत नाही. तिथे शीट पडते ती चुन्यामुळे किंवा चुकीच्या चिकटद्रव्यामुळे. सनमायका चिकटवायचं ते पिवळसर, झोंबऱ्या वासाचं रबर सोल्युशन थर्माकोलला लावलं तर त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. मागे वाळवीनं पोखरल्यासारखे खड्डे दिसले तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

गळती की घाम?

वर बाथरूम किंवा गॅलरी असेल तर झाकण्याआधी हे नक्की करा. ओल्या जागेवर हातभर चौकोनी पॉलिथिन ताणून लावा, चारही कडा टेपनं पक्क्या बंद करा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा. त्या काळात एसी नेहमीसारखा चालू ठेवा, बाथरूमही वापरा. थेंब पॉलिथिनच्या बाहेरच्या, म्हणजे गॅरेजकडच्या बाजूला आले तर तो हवेतला घाम. पॉलिथिन आणि स्लॅब यांच्या मधे आले तर पाणी स्लॅबमधून येतंय. नहाणी ट्रॅप, कमोडचा जोड, टाइल्सचे सांधे, यातलं काहीतरी. एसीचा तांब्याचा पाइप गॅरेजच्या छतालगत जात असेल तर त्याचं काळं फोम फाटलं आहे का तेही बघा. तिथून टपकणारं पाणी छताच्या नावावर खपतं.

गळती असेल, किंवा प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, सळईचा गंज तपकिरी रेघ होऊन बाहेर आला असेल, तर शीटचा विषय तिथेच थांबवा. आधी स्लॅब दुरुस्त करा. गंजलेल्या छतावर इन्सुलेशन चढवणं म्हणजे रोग झाकणं. पुढे तुकडा पडेल तेव्हाच कळेल.

लावायचं काय

काँक्रीट उष्णता अजिबात अडवत नाही असं म्हटलं तरी चालेल. ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) जेवढी उष्णता अडवतं तेवढी अडवायला साधारण दोन मीटर जाड काँक्रीट लागेल. दोन इंच थर्माकोलचंही तेच गणित, एक्सपीएस बोर्डाचं (थर्माकोलचाच घट्ट, गुळगुळीत भाऊबंद) त्याहून थोडं चांगलं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचं आणखी चांगलं. मुद्दा असा की यातलं काहीही दोन इंच, नीट लावलेलं, गॅरेजच्या छताला भरपूर होतं. गॅरेजची उंची आणि शटरचा गोळा बघता त्याहून जास्त जागा बहुतेकांकडे नसतेही.

चकचकीत बबल फॉइलबद्दल वेगळं सांगतो, कारण ते सगळ्यात जास्त विकलं जातं. फॉइल उष्णतेची किरणं परतवतं, पण त्यासाठी चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा लागते. स्लॅबकडची बाजू तर चिकटूनच गेली, तिचा उपयोग शून्य. खालची बाजू शटरची धग थोडी परतवते, तीही धूळ बसेपर्यंत. आपल्याकडे रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये एका उन्हाळ्यातच फॉइल मातकट होतं. शीटवर जोडीला फॉइल असेल तर ठीक, नुसत्या फॉइलवर पैसे घालू नका.

आता आगीचं. थर्माकोल, एक्सपीएस, पीयू फोम, तिन्ही जळतात. थर्माकोल तर शंभर अंशांच्या आसपासच आक्रसायला लागतं, आणि पेटलं की वितळून खाली ठिबकतं. खाली पेट्रोलची गाडी, हल्ली चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर, आणि वर झोपलेली माणसं. यातली कुठलीही शीट गॅरेजमध्ये उघडी ठेवू नये, विकणाऱ्यानं 'फायर रिटार्डंट' म्हणून सांगितलं तरी. खाली फायबर सिमेंटचा किंवा आगरोधक जिप्समचा बोर्ड हवाच. पावसाची झड शटरखालून आत येत असेल तर मी सिमेंट बोर्डच सांगेन, जिप्सम ओलाव्यानं फुगतो. आणि नव्यानंच करायचं असेल तर माझं मत सरळ रॉकवूलच्या बाजूनं आहे. ते जळत नाही आणि वरच्या खोलीत शटरचा खडखडाटही कमी जातो. लावताना अंगाला खाज सुटते, म्हणून कारागीर टाळतात. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट एवढाच त्यावर इलाज.

फ्रेमसाठी लाकडी पट्ट्या नकोत. नागपूरच्या काळ्या मातीत गॅरेजच्या भिंतीवरून वाळवी कधी वर गेली ते कळत नाही. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचे सेक्शन घ्या.

लावायचं कसं

छत तारेच्या ब्रशनं चुना पूर्ण जाईपर्यंत घासा. डिस्टेंपर असेल तर ओलं करून खरवडा. नुसतं झाडूनं झटकून प्रायमर मारला तर प्रायमर चुन्याला चिकटेल आणि आपण पुन्हा तिथेच. स्लॅब फार वरखाली असेल तर उंचवटे फोडून खड्डे भरून घ्या. गोळे लहानमोठे करून सरळ रेषा साधायची नाही.

एक्सपीएस लावणार असाल तर त्याची गुळगुळीत बाजू सँडपेपरनं खरखरीत करा. पॉलिमर असलेला टाइल्सचा मसाला दातेरी थापीनं शीटभर पसरवा. स्लॅब अगदीच सपाट नसेल तर निदान चारही कडांना सलग पट्टा आणि मधे गोळे असं करा, म्हणजे प्रत्येक शीट स्वतःपुरती बंद होते आणि एकीच्या मागची हवा दुसरीच्या मागे जात नाही. शीट विटांसारख्या, एका ओळीचा सांधा पुढच्या ओळीच्या सांध्यासमोर येणार नाही अशा बसवा. राहिलेल्या फटी पीयू फोमनं भरा, वाळल्यावर कापून सपाट करा. मे महिन्याच्या दुपारी हे काम काढू नका. स्लॅब इतका तापलेला असतो की मसाला पकडायच्या आतच सुकतो. फेब्रुवारी-मार्च बरा, नाहीतर दिवाळीनंतर.

त्यावरून जीआय सेक्शन आडवे टाकून लांब अँकरनं, शीट भेदून, थेट स्लॅबला आवळायचे आणि सेक्शनवर सिमेंट बोर्ड स्क्रूनं बसवायचा. आता वजन मसाल्यावर नाही, अँकरवर आहे. रॉकवूल असेल तर मसाला लागतच नाही. हेच सेक्शन त्याला स्लॅबवर दाबून धरतात. ड्रिल मारण्याआधी पंख्याच्या आणि लाइटच्या डब्यांपासून स्लॅबमधले वायरचे पाइप कुठे जातात याचा अंदाज घ्या, मेन स्विच बंद ठेवा. नव्या वायरी इन्सुलेशनच्या आत पुरू नका, तिथे त्या गरम राहतात. बोर्डाच्या वर, सेक्शनच्या जाडीत जागा मिळते तिथून न्या, आणि जोडाचा डबा खाली उघडता येईल असा ठेवा.

फॉल्स सीलिंगवाला मात्र वेगळंच सुचवेल. तो फ्रेम फूटभर खाली टांगेल आणि तिच्यावर रॉकवूलचा रोल अंथरून देईल. दिसायला सुरेख. पण रोल आणि स्लॅब यांच्यामध्ये फूटभर पोकळी राहिली, तिच्यात बीमच्या बाजूनं, शटरच्या वरून गरम हवा येत राहिली, तर पाच गोळ्यांचंच हे मोठं रूप झालं. इन्सुलेशन स्लॅबला टेकलेलंच हवं. सीलिंग हवं असेल तर त्याच्या खाली करा.

बीम विसरू नका. दोन बीमच्या मधल्या चौकोनात शीट लावून बीम उघडे ठेवले की उष्णता बीममधून वर जाते, आणि फरशीवर बरोबर त्या रेषेत गरम पट्टा जाणवतो. बीमच्या दोन्ही बाजू आणि तळ गुंडाळा. पश्चिमेची भिंत उन्हात असेल तर तिच्यावरही वरून दीड-दोन फूट खाली उतरवा.

बाष्परोधक कागद, म्हणजे हवेतला ओलावा अडवणारा थर, कुठल्या बाजूला, यावर इंटरनेटवर ठाम उत्तर मिळतं: वरच्या खोलीकडे. ते कॅनडा-अमेरिकेच्या थंडीसाठी खरं आहे, जिथे घर आतून तापवलेलं असतं आणि ओलावा घरातून थंड गॅरेजकडे निघतो. आपल्याकडे एसीच्या खोलीखाली उलटं आहे. पावसाळ्यात दमट बाजू गॅरेजची, थंड बाजू खोलीची. म्हणून रॉकवूल असेल तर फॉइल चिकटवलेलं घ्या, फॉइलची बाजू खाली, गॅरेजकडे, आणि सगळे सांधे ॲल्युमिनियम टेपनं बंद. डिसेंबर-जानेवारीत नागपूर कितीही गारठलं तरी आपण घर हीटरनं अखंड तापवत नाही, त्यामुळे हिवाळ्याची काळजी नाही. उलट तेव्हा फरशी कमी गार लागते, तो फायदा फुकटात मिळतो.

भोकं

सकाळी गाडी सुरू केली की वरच्या खोलीत वास येतो, अशी तक्रार असेल तर ही पायरी सगळ्यात आधी घ्या. वरच्या बाथरूमचे पाइप, वायरचे पाइप, एसीचा पाइप स्लॅबमधून जिथे खाली येतात तिथे भोकं पाइपपेक्षा मोठी फोडलेली असतात आणि वरून फक्त टाइल्सनं झाकलेली. गाडी बाहेर काढा, पेट्रोलचा कॅन वगैरे हलवा, गॅरेज थोडा वेळ उघडं राहू द्या. मग वरचा एक्झॉस्ट फॅन लावून खाली पाइपच्या मुळाशी उदबत्ती धरा. धूर सरळ वर ओढला गेला तर भोक आहे. सिमेंट मसाल्यानं भरा, वर आगरोधक सीलंट. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून वास येत नसला तरी तपासा, आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून उभे राहू नका. इन्व्हर्टरची ॲसिडवाली बॅटरी गॅरेजमध्ये असेल तर तिच्यातून निघणारा हायड्रोजन छताखाली साठतो. छत बंद केल्यावर वरची जाळी उघडी राहिलीच पाहिजे.

याच भोकांतून उंदीर येतात. थर्माकोल आणि एक्सपीएस त्यांना बिळासाठी आयतं मिळतं. भिंतीलगतची कड सिमेंटनं बंद करा, नुसता फोम ते कुरतडतात.

फ्लॅटच्या खालचं उघडं स्टिल्ट पार्किंग असेल तर पद्धत हीच, पण छत सोसायटीचं आहे, परवानगी आधी घ्या. आणि तिथे चारही बाजूंनी वारं असल्यानं कडा अधिकच पक्क्या लागतात.

काम झाल्यावर संध्याकाळी पुन्हा तेच चार आकडे घ्या. फरशी खोलीच्या हवेच्या जवळपास आली पाहिजे. नाही आली, तर गन फरशीवरून हळूहळू फिरवा; गरम ठिपका किंवा पट्टा जिथे सापडेल त्याच्या बरोबर खाली एखादा बीम, एखादं भोक किंवा न बुजवलेला सांधा असतो. शटरच्या बाजूची कड मात्र दरवर्षी बघावी लागते. शटर रोज हादरतं, त्यामुळे तिथला सीलंट सगळ्यात आधी चिरतो. चीर दिसली की जूनच्या आत भरून घ्या.